निरोपाचा कडा

धक्क्याला लाँच लागली की सगळ्यात आधी उतरतात त्या टोप्या. मग माणसं, आणि मग त्यांचे प्रश्न. इथे बघायला काय काय आहे, पाणी खोल आहे का, मासे चावतात का, समुद्र कुठल्या बाजूला आहे. हो, बेटावर उतरून समुद्र कुठे म्हणून विचारणारेही भेटलेत मला. मी धक्क्याच्या तोंडाशीच सायकली भाड्याने देते, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या वाट्याला येतो आणि मीही ठरलेलं उत्तर देते. सायकल घेऊन दीपगृहापर्यंत जाऊन या. होडी वल्हवायची हौस असेल तर आत बंदरातच वल्हवा, बाहेरच्या समुद्राला तुमच्या हौसेशी काही देणंघेणं नाही. पोहायचं तर वाळूच्या बाजूला. आणि दिवसभराचा वेळ असेल तर थोरल्याच्या बोटीने बेटाच्या पाठीमागे जा, कातळावर उतरा, पक्षी बघा, पायांत दम असेल तर डोंगराच्या धारेवरून चालत गावात परत या.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता लोक पुढे विचारतात, "आणि तो निरोपाचा कडा कुठे आला?" तेव्हा मी पंप घेऊन सायकलच्या चाकात हवा भरायला बसते. भरलेल्या चाकातसुद्धा भरते.

निरोपाचा कडा म्हणजे तोच पाठीमागचा कातळ. आमच्या लहानपणी त्याला नाव नव्हतं, नुसता कातळ होता. आता तिथे उभं राहायचं, डोंगराकडे तोंड करायचं आणि जोरात ओरडायचं, "येतो!" आवाज डोंगरावर आपटून परत येतो. लोक हसतात, फोटो काढतात, नवीन लग्न झालेली जोडपी एकमेकांना निरोप दिल्याची सोंगं करतात. हा खेळ काढला लॉजवाल्याच्या भाच्याने. लॉजवाला म्हणजे आमच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष, आणि भाचा म्हणजे त्याने वाटाड्या म्हणून चिकटवलेलं रत्न. भाचा बोटीतल्या लोकांना गोष्ट सांगतो: इथे एक तरुण राहत होता, एके दिवशी बायकोशी भांडला, या कड्यावरून भावाला येतो म्हणाला आणि समुद्रात निघून गेला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

भाचा ही गोष्ट सांगत असतो तेव्हा त्या तरुणाचा सख्खा भाऊ बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेला असतो. मला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. तो थोरला, त्याचा भाऊ धाकटा. बाप बोटीवर होता, तो तापाने गेला तेव्हा थोरल्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. शाळा सुटली आणि बापाची बोट हातात आली. आई जाळी विणून द्यायची, तिचे डोळे त्यातच गेले. धाकटा तेव्हा कडेवर घेण्याएवढा. थोरल्याने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, हे मी ऐकीव सांगत नाही, समोर राहून बघितलंय. धाकट्याच्या शाळेच्या चपला थोरला स्वतः धुवायचा. पोहायला शिकवताना त्याला पाण्यात टाकायचा आणि तो पाण्याला लागायच्या आत स्वतः उडी मारलेली असायची.

स्वभाव मात्र दोघांचे दोन टोकांना. थोरला घुमा. सकाळी एक वाक्य बोलला की संध्याकाळपर्यंत त्याला पुरायचं. धाकटा असा बडबड्या, की माझ्या दुकानात सायकल परत करायला आलेली माणसं त्याच्याशी बोलता बोलता लाँच चुकवायची. आणि वेळेचं त्याला वावडं. त्याला सकाळी उठवायचं, शोधायचं, हाका मारायच्या, बोट त्याच्यासाठी थांबवून ठेवायची, हे थोरल्याच्या आयुष्यातलं निम्मं काम.

मासळी कमी होत गेली तेव्हा पर्यटकांना फिरवायची कल्पना धाकट्याचीच. बोट थोरल्याची, चालणं धाकट्याचं, अशी वाटणी झाली. सकाळी दोघं मिळून लोकांना पाठीमागच्या कातळावर न्यायचे. दुपार कलली की ज्यांना चालायचं नाही ते बोटीत बसायचे, आणि बाकीच्यांना घेऊन धाकटा डोंगराच्या धारेवर चढायचा. कातळावरून धारेकडे जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत. भरती चढू लागली की आधी त्या पायऱ्यांचा खालचा भाग बुडतो, मग कातळ बुडतो. म्हणून निघायची वेळ पाळावी लागते. वर पोचलं की धाकटा वळून ओरडायचा, "दादा, येतो रे!" थोरला न बोलता हात वर करायचा आणि इंजिन चालू करायचा. रोज.

आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. त्यांच्या घरात तर चुकून कोणी जातो म्हटलं की त्यांची म्हातारी आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची, समुद्रावर पोट असलेल्या माणसाने तो शब्द उच्चारायचा नाही. म्हणजे निघणाराही येतो म्हणतो आणि येणाराही येतोच म्हणतो. त्यातला कोणता कुठला, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावरून कळतं. कळायला हवं.

धाकट्याची बायको मुख्य भूमीवरची. तिला सगळे धाकटी म्हणतात. उंच, चटपटीत आणि तोंडाने फटकळ. मला पहिल्या दिवसापासून आवडली ती त्यासाठीच. नवराबायकोचं भांडण झालं की अख्ख्या आळीला ऐकू यायचं, आणि संध्याकाळी तीच दोघं आपल्या पोरीला मध्ये घेऊन धक्क्यावर पाय सोडून बसलेली दिसायची. त्यामुळे त्यांच्या भांडणाकडे कोणी लक्ष देत नसे. पण त्या दिवशीचं भांडण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पोरीच्या अंगात ताप होता. धाकटी म्हणत होती, आज जाऊ नकोस. तो म्हणत होता, माणसं येऊन थांबलीत. शेवटी ती ओरडली, "मग जा! जा एकदाचा, आणि परत तोंड दाखवू नकोस!" भिंतीपलीकडे आळीचे कान होतेच.

त्या दिवशीची गावाला माहीत असलेली हकीकत एवढीच. कातळावरून निघताना धाकटा येतो म्हणून ओरडला, ते बोटीतल्या सगळ्यांनी ऐकलं. बोट धक्क्याला लागली, लोक लाँच पकडून गेले. अंधार पडायला आला तरी धाकटा धारेवरून उतरला नाही. थोरल्याने बोट पुन्हा बाहेर काढली, मागोमाग गावातल्या सगळ्या होड्या निघाल्या. कातळ पाण्याखाली गेला होता. पुढे बंदराच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात तो सापडला.

कातळ ज्याच्या पायाखालचा, पाणी ज्याच्या अंगवळणी पडलेलं, तो पोहणारा माणूस बुडेल कसा? गावाने डोकं लावलं आणि उत्तर काढलं. वरून निरोप दिला, लोकांना पुढे पाठवलं आणि स्वतः खाली उतरून पाण्यात शिरला. ती जा म्हणाली, तो गेला. बोलाफुलाला गाठ पडली. पोलिसाने थोरल्याला विचारलं, काय म्हणाला तो? थोरला म्हणाला, "येतो म्हणाला." यात खोटं काहीच नव्हतं.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? धाकटी नळावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं. शाळेत पोरीला कोणीतरी म्हणालं, तुझ्या आईने तुझ्या बापाला घालवला. म्हातारीने तर सुनेच्या हातचं पाणी घेणं सोडलं. तहान लागली की आंधळी म्हातारी भिंत चाचपत माठापर्यंत जायची, पण सुनेला हाक मारायची नाही. आणि धाकटीचं ते फटकळ तोंड असं मिटलं, की मला तिच्याशी भांडावंसं वाटायचं, निदान उलटून तरी बोलेल.

या सगळ्यात एकच माणूस तिच्याशी धड वागला, तो थोरला. त्याने तिला घरातली पुढची खोली दिली. बोटीवरची लाइफ जॅकेटं शिवायचं, पट्टे बदलायचं काम दिलं. पोरीला शाळेत सोडायला स्वतः जायचा. स्वतःचं लग्न त्याने केलंच नव्हतं. भावजयीला एका शब्दाने लागेल असं तो कधी बोलला नाही. गाव म्हणू लागलं, देवमाणूस. अशा बाईलासुद्धा सांभाळतो, देवमाणूसच. त्याच्या प्रत्येक चांगुलपणाबरोबर ती आणखी थोडी वाईट ठरत गेली, पण हे हिशेब तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाहीत.

मग यंदा समितीने ठरवलं, की धक्क्यावर मोठा रंगीत फलक लावायचा. बेटावर काय काय करता येईल ते सगळं चित्रांसकट: सायकल, होडी, पोहणं, पक्षी, धारेवरची चाल. आणि शेवटी निरोपाचा कडा, त्याच्या गोष्टीसकट. लॉजवाल्याने मला मजकूर वाचून दाखवला. 'पत्नीच्या कठोर शब्दांनी व्यथित होऊन' असं त्यात होतं. फलकाची जागा ठरली होती ती धाकटीच्या खिडकीसमोर. म्हणजे तिची पोर रोज सकाळी दप्तर घेऊन निघणार ती ते वाचूनच. मी त्याला म्हटलं, "दुसरीकडे लावा." तो म्हणाला, "ताई, लाँच तिथेच लागते. पर्यटकांना दिसायला नको का?"

फलक लागायच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई सायकल परत करायला आल्या. सकाळी सायकल धक्क्यावर लावून त्या थोरल्याच्या बोटीने कड्यावर जाऊन आल्या होत्या. सायकल स्टँडला लावली, तरी त्या निघाल्या नाहीत.

"ते कड्यावरचे वाटाडे," त्या म्हणाल्या, "ज्यांची गोष्ट सांगतात. ते मोठमोठ्याने हसायचे का? सारखे बोलायचे?"

मी हो म्हटलं.

"मग ते आमचेच. आम्ही त्या दिवशी त्यांच्याबरोबर चालत होतो. मला माहीतच नव्हतं हो ते गेले म्हणून. मी आज त्यांना भेटायला आले होते."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. धारेवर चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की टोपी खाली कातळावर राहिली. त्या म्हणाल्या, राहू दे. धाकटा म्हणाला, "राहू दे कशी? टोपीशिवाय डोकं तापेल, आणि तापलेल्या डोक्याच्या बायकोचं काय होतं ते मी आज सकाळीच बघितलंय." सगळे हसले. मग तो म्हणाला, "वाट सरळ आहे, तुम्ही पुढे व्हा. मला परत चढायचा कंटाळा येतो, मी दादाच्या बोटीने येतो. धक्क्यावर भेटू." आणि तो पायऱ्या उतरून गेला. ही मंडळी रमतगमत गावात पोचली तोवर बोट रिकामी होऊन लागलेली होती आणि लाँच भोंगा देत होती. त्यांना वाटलं, वाटाड्या घरी गेला असेल. टोपीसाठी कोण थांबतं?

"त्यांनी काही जीव दिला नाही," बाई रडत म्हणाल्या. "मरायला निघालेला माणूस टोपी आणायला जातो का?"

त्यांना संध्याकाळच्या लाँचने परत जायचं होतं, त्या गेल्या. मी दुकानाचं दार ओढलं आणि थोरल्याला शोधायला निघाले.

तो उतारावर बोट ओढून तिच्या तळाचे शिंपले खरवडत होता. मी काही प्रस्तावना केली नाही. सगळं सांगितलं. खरवडणं थांबलं.

"त्याने त्यांना सांगितलं होतं, दादाच्या बोटीने येतो म्हणून," मी म्हटलं. "म्हणजे तो तुला निरोप देत नव्हता रे. तो बोटीकडे येत होता."

थोरल्याने खरवडणी खाली ठेवली.

"आवाज खालून आला होता, ताई," तो म्हणाला. "रोज वरून यायचा. त्या दिवशी खालून आला. मी वळून बघितलं नाही. हात वर केला आणि निघालो."

"आणि हे तुला कळलं कधी?"

"घरी गेलो तेव्हाच. आईने विचारलं, धाकटा कुठे? सांगायला तोंड उघडलं आणि तो आवाज पुन्हा कानात आला. तसाच, खालून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप लावलं होतंस? धाकटी रोज मरतेय तुझ्या डोळ्यांसमोर! आणि तू देवमाणूस म्हणवून घेतोयस?"

"त्या दिवशी नाही सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. मग रोज एक दिवस वाढत गेला."

मला त्याची कीव आली नाही. आज लिहितानाही येत नाही. मी त्याला म्हटलं, "उद्या सकाळी तो फलक लागतोय. आज तिला सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ऐकलेलं तिला जास्त लागेल." तो उठला. हात धुतले, दोनदा धुतले, आणि माझ्यामागून चालू लागला.

धाकटीच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र आणि भोवती नारिंगी जॅकेटांचा ढीग. पोर कोपऱ्यात अभ्यासाला बसली होती. तिला मी बाहेर माझ्या दुकानात पाठवलं. थोरला आत आला नाही, उंबऱ्याशीच बसला आणि खाली बघून सांगू लागला. तो इतकं सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. टोपी, पायऱ्या, खालून आलेली हाक, वर केलेला हात.

धाकटीने यंत्रावरचा हात उचललाही नाही. ती म्हणाली, "परत सांगा."

त्याने परत सांगितलं.

"म्हणजे तो येत होता."

"हो."

"घरी येत होता."

"हो, पोरी."

मग ती रडली. पदर तोंडात कोंबून, पुढे मागे हलत, मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिचं सगळं अंग कढत लागलं. जरा निवल्यावर ती म्हणाली, "मी जा म्हटलं आणि त्याने ऐकलं, असंच वाटायचं मला. सगळ्या संसारात माझं कधी एक ऐकलं नाही मेल्याने, आणि नेमकं तेवढंच ऐकलं, म्हणून मी त्याच्यावर चिडायची. मेलेल्या माणसावर चिडायची मी, ताई." आणि रडता रडता ती हसली. मला माझी जुनी फटकळ धाकटी क्षणभर दिसली.

थोरला म्हणाला, "मला काय बोलायचं ते बोल."

"काय बोलू? तुमच्या कानाची चूक झाली, भाऊजी. माझ्या तोंडाची झाली. तुम्ही सांगितलंत, पुष्कळ झालं." तिने डोळे पुसले. "उद्या सगळ्यांसमोर सांगा, एवढंच करा. माझ्यासाठी नको. पोरीसाठी."

तो हो म्हणाला आणि उठू लागला. ती म्हणाली, "बसा. जेवून जा." धाकटा गेल्यापासून थोरला तिच्या हातचं जेवला नव्हता. म्हातारीच्या धाकाने जेवत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तिने ताट वाढलं, समोर बसून वाढलं, नको म्हणाला तरी वाढलं. तो मान खाली घालून जेवला. प्रत्येक घासाला त्याला पाणी लागत होतं. मला वाटलं, मोकळं झाल्यावर माणसाचं असंच होत असेल. घरी जाताना माझं मन हलकं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

सकाळी फलकावर कापड टाकलेलं होतं. लाँच येऊन लागली होती, टोप्या उतरल्या होत्या, त्यांनाही लॉजवाल्याने कार्यक्रम म्हणून उभं केलं होतं. म्हातारीला खुर्ची दिली होती. गाव जमलं होतं. धाकटी पोरीचं बोट धरून कडेला, माझ्या दुकानाशी उभी राहिली. कित्येक महिन्यांनी ती अशी चारचौघांत आली होती.

लॉजवाला कापडाची दोरी धरणार एवढ्यात थोरला पुढे झाला. आदल्या दिवशी सांगितलं तेच त्याने मोठ्याने सांगितलं. भाऊ जीव द्यायला गेला नव्हता, बोटीकडे येत होता, मला नीट कळलं नाही, मी त्याला सोडून आलो. धाकटीचा यात काही दोष नाही.

मग लॉजवाल्याने त्याला मिठीच मारली. "बघा!" तो गर्दीकडे वळून म्हणाला. "याला म्हणतात थोरला भाऊ. भावजयीच्या अब्रूसाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय. अशी माणसं आता राहिली नाहीत." आणि पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय ते न कळता वाजवल्या, पण मनापासून वाजवल्या.

मी ओरडले, "अंगावर कसलं घेतोय? खरं आहे ते! टोपीवाल्या बाई काल माझ्या दुकानात येऊन सांगून गेल्या."

"कोण बाई? कुठे आहेत?" भाचा म्हणाला. बाई तर लाँचने गेल्या होत्या. "ताई, तुमची आणि तिची मैत्री आम्हाला माहीत आहे."

"काल त्याला घरात बसवून जेवायला घालत होती," मागून एका बाईचा आवाज आला. "मी बघितलं ना. तेव्हाच पढवलं असणार."

म्हातारी खुर्चीतून उठली. "एक खाल्लास," ती कोणत्या दिशेला बघावं ते न कळून म्हणाली, "आता दुसऱ्याच्या माथी मारतेस का गं?"

धाकटीने पोरीला जवळ ओढून तिचे कान हातांनी झाकले. लॉजवाल्याने पुन्हा दोरी हातात घेतली. थोरला दोन्ही हात वर करून, खरं आहे, खरं आहे, असं म्हणत होता आणि लोक त्याच्या पाठीवर थोपटत होते. इतकी वर्षं जमवलेला चांगुलपणा आता त्याला खरं बोलू देत नव्हता.

"दोनदा हाक मारली त्याने!" थोरला ओरडला.

त्याचा तसा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. थोपटणारे हात थांबले.

"पहिल्यांदा येतो म्हणाला. ते सगळ्यांनी ऐकलं. मी इंजिन चालू केल्यावर पुन्हा ओरडला. दादा, थांब, म्हणाला. मागे सुकाणूवर मी एकटाच होतो, मला एकट्याला ऐकू आलं. थांब म्हणाला. थांबचा दुसरा काही अर्थ होत नाही."

"मग थांबलास का नाहीस?" कोणीतरी हळूच विचारलं.

"रोजच थांबायचो. लहानपणापासून थांबत आलो. बोटीतली माणसं घाई करत होती, लाँच चुकेल म्हणत होती. मी म्हटलं, रोजचंच आहे याचं. चढू दे परत, जाऊ दे चालत. एकदा शिकेल."

"आणि पाणी?"

"चढत होतं. पायऱ्यांना लागलं होतं, मला माहीत होतं. वाटलं, निघेल तो, पोहणारा आहे. मी मुद्दाम वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

आता टाळ्या वाजवायला कोणी पुढे आलं नाही. लॉजवाल्याच्या हातातून दोरी सुटली. म्हातारी खुर्ची चाचपून पुन्हा बसली, आणि तिच्या तोंडातून आवाज येत होता तो रडण्याचा होता की कशाचा, मला कळलं नाही. थोरल्यावर आता सगळ्यांचा विश्वास बसला होता.

धाकटी पोरीला घेऊन गर्दीतून पुढे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे काल का नाही सांगितलंत?"

थोरल्याने मान वर केली नाही.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "तू जेवायला वाढलंस."

मग तिने पोरीचा हात घट्ट धरला आणि ती घराकडे चालू लागली. आम्ही सगळे तिला वाट द्यायला बाजूला झालो.